जांभळाची फळी

सुताराकडे लोक दार घेऊन येतात, पाय मोडलेली खुर्ची घेऊन येतात, लग्न ठरलेल्या मुलीसाठी कपाट सांगायला येतात. माझ्याकडे गेली पंधरा-सोळा वर्षं बोटी येत होत्या. पौडच्या बाजारात, ताम्हिणीचा घाट उतरल्याशिवाय समुद्राचा वारासुद्धा लागत नाही अशा ठिकाणी, माझ्या दुकानापुढं चाकांच्या गाड्यावर पांढरीशुभ्र बोट उभी असायची. बाजाराला आलेल्या बायका थांबून बघायच्या. एकीनं तर विचारलंच, ‘‘मिस्त्री, पूर यायचाय का काय?’’

मी बोटी बांधत नव्हतो. बोट ज्यावर बसते ते करायचो. इकडं धरणांच्या पाण्याकाठी पुण्याच्या लोकांचे बंगले झाले, बंगल्यांमागून बोटी आल्या. बोट पाण्यात ठेवून चालत नाही, शेवाळ धरतं. म्हणून ती ट्रेलरवर ठेवायची आणि हवी तेव्हा ट्रेलर पाण्यात मागं ढकलून उतरवायची. त्या ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर दोन लांब लाकडी फळ्या असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यांच्यावर कार्पेट ताणून बसवलेलं असतं. बोटीचं सगळं वजन त्या दोन फळ्यांवर. बोट फायबरची, म्हणजे दिसायला दणकट आणि बुडाला हळवी. उघड्या लाकडावर घासली तर ओरखडे पडतात, लोखंडावर टेकली तर तडा जातो. म्हणून कार्पेट. ते भिजलं की गुळगुळीत होतं आणि बोट त्यावरून सरकते.

पण ज्या कार्पेटमुळं बोट वाचते त्याच कार्पेटमुळं लाकूड मरतं. पाणी धरून ठेवतं ना ते. वरून सगळं ठाकठीक दिसतं आणि आत फळीचा भुसा झालेला असतो. चार-पाच वर्षांनी फळ्या बदलाव्याच लागतात. बोट खाली न उतरवता जॅक आणि ठोकळे लावून थोडी उचलायची, एका बाजूची फळी सोडवायची, नवी घालायची, मग दुसरी बाजू. दोन्ही फळ्या एकदम काढायच्या नाहीत, हा पहिला नियम. बोल्टाची डोकी लाकडात अर्धा इंच खोल बुडवायची, हा दुसरा. कारण डोकं वर राहिलं तर ते कार्पेट फाडून बोटीच्या पोटाला लागतं. कार्पेटच्या पिना फळीच्या खालच्या अंगाला मारायच्या, वरच्या अंगाला एकही नाही. हा तिसरा. एवढीच विद्या आहे. दरवाजाची चौकट याहून अवघड असते.

ही विद्या मला मालतीबाईंनी शिकवली असं म्हटलं तरी चालेल. मुठा खोऱ्यात त्यांचा छोटा बंगला होता. यजमानांनी निवृत्तीनंतर हौसेनं बोट घेतली आणि ती पाण्यात उतरायच्या आत ते गेले. बाईंनी बोट विकली नाही. अंगणात ट्रेलरवर तशीच ठेवली. संध्याकाळी लहान शिडी लावून त्या बोटीत चढायच्या आणि चहाचा कप घेऊन आत बसायच्या. पाणी तिथून दिसतसुद्धा नव्हतं. पावसानं फळ्या कुजल्या की मला बोलावणं यायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, ‘‘बाई, बोट पाण्यात जायची नसेल तर खाली विटा रचून देतो, कशाला खर्च करता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, जायची नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिची तयारी असू दे.’’  यजमानांच्या पुस्तकातली चित्रं दाखवून त्यांनी मला काम समजावलं आणि मी ते शिकलो. पुढं त्यांच्या ओळखीनं दुसरे बोटवाले आले.

त्याच बोटीची गोष्ट मला सांगायची आहे.

धरणाच्या काठच्या एका गावात बबननाना म्हणून शेतकरी आहेत. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना पुन्हा तो दिवस नको. पलीकडच्या वाड्यांना रस्त्यानं यायचं तर डोंगराला वळसा घालून निम्मा दिवस जातो, म्हणून माणसं पाण्यातून ये-जा करतात. कुणी होडक्यातून, कुणी ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून तिच्यावर. वर्षाला एखादा बुडायचाच. नानांनी चार माणसं जमवली आणि ठरवलं की गावात एक वाचवणारी बोट पाहिजे. ही गोष्ट मी मालतीबाईंच्या कानावर घातली.  तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘‘घेऊन जा. तिला एकदा पाणी बघू दे.’’

बोट चांगली होती, ट्रेलर मात्र गंजला होता. तो घोटावड्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथले देसाई साहेब लोखंडाचे जाणकार, त्यांनी सांगाडा नवा करून दिला, गावाचं काम म्हणून मजुरीसुद्धा घेतली नाही. फळ्या माझ्याकडं. आणि फळ्यांचं लाकूड नानांकडं.

आदल्या पावसाळ्यात नानांच्या बांधावरचं जांभळाचं झाड उन्मळून पडलं होतं. त्यांच्या वडिलांनी लावलेलं. नाना मला घेऊन गेले, पडलेल्या खोडावर हात ठेवून म्हणाले, ‘‘उस्मान, ह्याच्याच फळ्या कर. बापाचं झाड हाय, गावाच्या बोटीखाली जाऊ दे.’’

मला आनंद झाला. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की जांभळाला पाणी लागत नाही. जुन्या विहिरी गाळ काढायला उपसतात तेव्हा तळाशी बांधकामाखाली घातलेलं जांभळाचं कडं सापडतं, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहिलेलं, आणि त्यावर तासायचा वाकस मारला तर वाकस उलटा येतो. माझ्या वडिलांनी अशा दोन विहिरींची कडी केली होती. बोटीच्या फळीला जांभूळ म्हणजे दुधात साखर, असं मला वाटलं.

देसाई साहेबांना तसं वाटलं नाही. ते म्हणाले, ‘‘उस्मानभाई, विहिरीतलं लाकूड कायम पाण्यात असतं. ही फळी आज भिजणार, चार दिवस उन्हात तापणार, परत भिजणार. त्यात तुमचं हे झाड पडून वर्षसुद्धा झालं नाही. जुना साग घाला.’’

मी हसलो. ‘‘साहेब, लोखंडाचं तुम्ही बघा, लाकडाचं माझ्यावर सोडा.’’

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी सांगितलेलं मला कळत नव्हतं असं नाही. ओलं लाकूड वाळताना पीळ घेतं हे सुताराला वडिलांच्या छडीबरोबर शिकवलेलं असतं. फळ्या कापल्यावर वर्षभर सावलीत रचून ठेवायला हव्या होत्या. मी दोन महिने ठेवल्या. नानांना घाई होती, मला मिरवायचं होतं, आणि बापाचं झाड नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं. फळ्या बसवल्या, वर करड्या रंगाचं कार्पेट ताणलं, नारळ फुटला. पाण्यात पहिल्यांदा बोट उतरली त्या दिवशी मालतीबाई काठीच्या आधारानं काठावर आल्या होत्या. बोट कार्पेटवरून सरकून पाण्यावर तरंगली तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.  त्यानंतर दोन महिन्यांत त्या गेल्या. पुढचं त्यांना बघावं लागलं नाही, हे बरंच झालं.

ट्रेलर ओढायचा तो किसनचा ट्रॅक्टर. किसन पन्नाशीचा गडी, बोलायला कमी, ट्रॅक्टरवर हात असा की उताराला ट्रेलर मागं घेताना मान वळवून एकदाच बघायचा. ट्रॅक्टर मागं घेताना ट्रेलर उलटा वळतो, भल्याभल्यांना ते जमत नाही. किसनला जमायचं. बोट पाण्यात उतरवायला तीन-चार मिनिटं लागायची. पहिल्या काही महिन्यांतच त्या बोटीनं दोघांना जिवंत बाहेर काढलं होतं.

मे महिना होता. मी नानांच्या घरी दाराची चौकट बसवायला गेलो होतो. सकाळी अकराच्या सुमाराला नानांना फोन आला. पलीकडच्या वाडीचा सखाराम दळण घेऊन ट्यूबवरून परत चालला होता, अर्ध्या पाण्यात ट्यूबची हवा जायला लागली. त्याची बायको हिराबाई पलीकडच्या काठावर उभी राहून ओरडत होती. आम्ही धावत काठावर गेलो तर तो दिसत होता. काळा ठिपका, आणि त्याच्यावर मधूनमधून वर होणारा हात.

किसननं ट्रॅक्टर आणला. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, काठाला नुसता गाळ राहतो. ट्रेलर फार आत घालता येत नाही, उजवं चाक गाळात थोडं रुतलं. अशा वेळी बोट तरंगून सुटत नाही, फळ्यांवरून ढकलून उतरवावी लागते. त्यासाठीच तर ते कार्पेट. आम्ही पाच जणांनी खांदा लावला. बोट हातभर सरकली आणि थांबली.

परत जोर लावला. आतून आवाज आला, करकर असा. नाना ओरडले, ‘‘वाकडा घुसलाय ट्रेलर! किसन, म्होरं घे, सरळ कर!’’ किसननं पुढं घेतला, सरळ केला, पुन्हा मागं घेतला. बोट हलेना. तो ट्रॅक्टरवरून उडी मारून आला आणि त्यानंही खांदा लावला. पलीकडून हिराबाईचा आवाज येतच होता. शेवटी दोघं-तिघं गाळात शिरून बोट खालून उचलायला लागले, आणि उचलून, हलवून, कशीबशी ती सुटली. सुटताना तिच्या पोटावर लांब ओरखडा पडला. वीस मिनिटं गेली होती. मधेच केव्हातरी पाण्यावरचा हात दिसेनासा झाला होता. नक्की केव्हा, ते आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नाही.

बोट पोचली तेव्हा चपटी झालेली ट्यूब सापडली. सखाराम दुपारी सापडला.

काठावर परत आल्यावर नाना किसनकडं बघून एवढंच म्हणाले, ‘‘किसन्या, घात क्येलास रं.’’ नाना वाईट माणूस नाहीत. त्या घटकेला त्यांच्या तोंडून ते गेलं. पण गावात एकदा शब्द सुटला की तो ज्याच्या त्याच्या तोंडी जातो. किसननं ट्रेलर वाकडा घातला म्हणून सखाराम गेला, असं पंचक्रोशीत झालं.

मी तिथंच उभा होतो, आणि मला खरं माहीत होतं. पाहिलं नव्हतं अजून, पण ती करकर मी ऐकली होती. काहीतरी कठीण लोखंडाला अडलं की कसा आवाज येतो, हे चाळीस वर्षं हत्यार चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी माझी हत्यारं गोळा केली आणि चौकट अर्धी टाकून घरी आलो.

आठवड्यानं नानांनी ट्रेलर दुरुस्तीला दुकानात आणला. म्हणाले, ‘‘किसननं वाकडा घातला, त्यात फळी मुरगाळली आसंल. बघ जरा.’’

मी म्हणालो, ‘‘असेल.’’

एक शब्द. नाना गेल्यावर मी उजव्या फळीवरचं कार्पेट सोलून काढलं. जांभूळ कुजलं नव्हतं, वाकस मारला असता तर उलटा आला असता. पण फळीनं पीळ घेतला होता. मधल्या बोल्टाजवळ लाकूड उकललं होतं आणि मी अर्धा इंच खोल बुडवलेलं बोल्टाचं डोकं, आजूबाजूचं लाकूड फाकल्यामुळं, वर आलं होतं. त्याच्यावर पांढरं फायबर लागलेलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मी जुन्या शाळेच्या तुळईतला पक्का साग आणला, दोन्ही फळ्या नव्या केल्या आणि ट्रेलर परत पाठवला. जांभळाची ती उजवी फळी दुकानामागं भिंतीला लावून ठेवली. जाळून टाकावी असं दहादा मनात आलं. सुताराला लाकूड जाळायला भट्टी शोधावी लागत नाही. तरी जाळली नाही.

गप्प का बसलो, याची कारणं मी स्वतःला भरपूर दिली. नानांच्या बापाचं झाड, त्यांना काय वाटेल? चाक गाळात रुतलं होतंच, किसनची थोडी चूक असेलही. गेलेला माणूस काय परत येणार आहे? आणखी एक कारण होतं, ते लिहायला जड जातं. आमची बाजारात चारच घरं, गावोगावच्या लोकांशी तीन पिढ्यांचं नातं, पण मला भीती वाटली की उद्या लोक ‘मिस्त्रीनं’ न म्हणता दुसरं काही म्हणतील. तसं कुणी म्हणालं असतं का? आज मला वाटतं, नसतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती झाकून बसलो.

चोराच्या मनात चांदणं असतं. दुकानात कुणी त्या गावचा आला की मी रंधा जोरात चालवायचो, म्हणजे बोलायला नको. तरी कानावर येत होतं. किसननं ट्रॅक्टरची किल्ली धाकट्या भावाकडं दिली होती. दहाव्याला तो गेला तर हिराबाईनं सगळ्यांसमोर त्याला शिव्या दिल्या आणि तो खाली मान घालून ऐकत उभा राहिला. भावाला ट्रेलर मागं घेणं जमेना, म्हणून बोट ओढायला आता नानांना दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर सांगावा लागायचा.

पाऊस संपत आला तेव्हा एक दिवस किसन स्वतः दुकानात आला. बसनं आला होता. हातात कुदळ, तिचा दांडा मोडलेला. दांडा बसवून द्या म्हणाला. मी बाभळीचा दांडा काढला, तासायला घेतला. तो समोर उकिडवा बसून बघत होता.  मग म्हणाला, ‘‘मिस्त्री, तुमी हुता तितं. खरं सांगा, मी लई वाकडा घातला हुता का?’’

माझा वाकस थांबला.

‘‘चिखल होता रे,’’ मी म्हणालो.

‘‘चिकूल दर उन्हाळ्याला आसतुया,’’ तो म्हणाला. ‘‘मी रोज डोळ्यापुडं आणतुया. मागं बघितलं, सरळ हुता. मला सरळच दिसतुया. पर पाच माणसं म्हंत्यात वाकडा हुता. मंग माझाच डोळा फसला आसंल.’’

मी दांडा बसवून दिला, पाचर ठोकली. त्यानं कुदळ उचलून तोलून बघितली आणि तो गेला. ज्या भिंतीला मागच्या अंगानं ती फळी टेकवलेली होती, तिच्यापासून तो चार हातांवर बसला होता.

त्या दुपारी मी जेवलो नाही. आमच्या घरात, म्हणजे बायकोला, रेहानाला, मी तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मी म्हणालो, ‘‘नानांच्या बापाचं झाड आहे गं ते. त्यांना कसं सांगू?’’

ती म्हणाली, ‘‘झाडानं सांगितलं हुतं का, मला बोटीखाली घाला म्हणून?’’

 दुसऱ्या दिवशी मी टेम्पोत फळी टाकली आणि नानांकडं गेलो. किसनला बोलावून घ्या म्हटलं, त्या दिवशी खांदा लावणाऱ्यांनाही बोलवा. सगळे आल्यावर नानांच्या ओट्यावर, सपाट शहाबादी फरशीवर, मी फळी आडवी ठेवली. एक कोपरा चार बोटं वर राहिला.

‘‘किसन, कोपरा दाब,’’ मी म्हणालो.

त्यानं दाबला. फळीचं दुसरं टोक उचललं गेलं. सोडला तर ते खाली आपटलं. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग मी बोल्टाच्या भोकाजवळची उकललेली जागा दाखवली आणि सांगितलं. ओलं लाकूड वापरलं, साहेबांनी सांगितलेलं ऐकलं नाही, बोल्टाचं डोकं वर आलं, त्यानं बोट धरून ठेवली. किसनचा ट्रेलर सरळ होता. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी चार महिने बोललो नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी केलं, आणि अंगण दुसऱ्याचं होतं.

 नाना फळीकडं बघत होते. किसन अजून कोपरा दाबत होता. टक, टक, एवढाच आवाज. मला वाटलं आता तो मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

तो म्हणाला, ‘‘म्हंजी माझा डोळा बराबर हुता.’’

मग त्याचे डोळे भरले. नानांनी पुढं होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं तो झटकला नाही. थोड्या वेळानं नाना मला म्हणाले, ‘‘उस्मान, हे हिराबाईला बी सांगाय पायजे. तू सांगायचं.’’

आम्ही तिघं त्याच बोटीतून पलीकडं गेलो. बोट दुसऱ्या गावच्या ट्रॅक्टरवाल्यानं उतरवली, सागाच्या नव्या फळ्यांवरून ती लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. पाण्यातून जाताना मी खाली बघितलं नाही. हिराबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘आडली नसती तर घावला आसता का त्यो?’’

‘‘मला माहीत नाही, वहिनी,’’ मी म्हणालो. ‘‘कदाचित.’’

खोटं सांगायचं नाही हे ठरवून गेलो होतो. ‘नसता सापडला’ म्हणालो असतो तर तिलाही सोपं गेलं असतं आणि मलाही. तिनं एकदा पाण्याकडं पाहिलं. मग किसनकडं वळून म्हणाली, ‘‘दादा, मी तुला नाय नाय ते बोलली. भाकरी खाऊन जा.’’ मला तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. माझ्याशी ती बोलली नाही. त्यानंतर आजपर्यंत बोललेली नाही. ते तिच्या जागी बरोबर आहे. माफी मागितली की मिळतेच असा काही कायदा नाही.

किसननं पुन्हा ट्रॅक्टरला हात लावावा म्हणून नाना त्याच्या मागं लागले. तो म्हणाला, ‘‘चालवीन, पर एक हाय. फळी कशी बघायची ते मिस्त्रीनी मला शिकवायचं. मी बघितल्याबिगर बोट चढवायची न्हाई.’’

मी शिकवलं. डोळ्यानं बघू नकोस म्हटलं, कार्पेट डोळ्याला फसवतं. उघडा तळवा फळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यायचा. बोल्ट कुठं आहे ते हाताला कळता कामा नये. कळला तर फळी सोडवायची. तेव्हापासून दर वर्षी पावसाआधी ट्रेलर माझ्या दुकानात यायचा, मी फळ्या तपासायचो, लागेल ते करायचो, आणि मग किसन तळवा फिरवायचा. डावी फळी, मग उजवी. तो हात उजव्या फळीच्या टोकाला पोचेपर्यंत मी हत्यार हातात घेत नसे. पोचला की तो ‘‘हाय बराबर’’ म्हणायचा आणि ट्रॅक्टर चालू करायचा. चहा घ्यायचा नाही. माझं त्याचं एवढंच बोलणं. आठ वर्षं असं चाललं आणि त्या आठ वर्षांत बोट एकदाही अडली नाही. किती माणसं तिनं बाहेर काढली ते नानांना विचारा, मी ते माझ्या खात्यात धरत नाही.

यंदाच्या मे महिन्यात मी उजव्या फळीवर नवं कार्पेट घातलं. जुनं विरलं होतं. नेहमीसारखं ताणलं, खालून पिना मारल्या, स्वतः तळवा फिरवून बघितला. सगळं गुळगुळीत. किसन आला. डावी फळी झाली. उजवीवर त्याचा हात निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला.

‘‘मिस्त्री, हितं.’’

मी हात लावला. काही लागलं नाही. ‘‘काही नाही रे,’’ मी म्हणालो.

त्यानं माझं बोट धरलं आणि नेमक्या जागी टेकवलं. ‘‘हितं. हाय कायतरी.’’

मला तरीही काही लागेना. पन्नास वर्षं लाकूड घासून बोटांची कातडी मेली असेल, किंवा वय झालं असेल. दुकानात दोन गिऱ्हाईकं बसली होती. मी पक्कड घेतली, पिना उपटल्या आणि कार्पेट सोललं. जुन्या कार्पेटची तुटलेली पिन लाकडात राहून गेली होती, तांदळाच्या कणीएवढी वर. मी ती उपटली, जागा घासली, कार्पेट परत बसवलं. किसननं टोकापासून पुन्हा तळवा नेला.

‘‘आता हाय बराबर,’’ तो म्हणाला.

मग तो गेला नाही. बाकावर बसला आणि म्हणाला, ‘‘चहा सांगा.’’

चहा झाल्यावर मी वाकस पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि पेटीची किल्ली माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पुतण्याला दिली. आता दुकान तो बघतो. त्याला एकच सांगून ठेवलंय, बोटीची फळी झाली की किसनची वाट बघायची.